हात लावण्याआधी काय बघाल: वॉर्ड आणि आयसीयूत पाऊल ठेवणाऱ्या नव्या फिजिओथेरपिस्टसाठी

आयसीयूत पहिल्यांदा एकट्याने पाठवलं की बहुतेकांची नजर आधी मॉनिटरकडे जाते. रंगीत रेघा, पाच-सहा आकडे, मध्येच कोकलणारा अलार्म. त्या सगळ्या पसाऱ्यात पेशंट शेवटी दिसतो. माझंही तेच झालं होतं, आणि त्याची किंमत एका पेशंटला जवळपास मोजावी लागली होती. तो किस्सा आर्टेरियल लाइनपाशी, म्हणजे धमनीत घातलेल्या नळीपाशी, सांगते.

इथे मी क्रम मुद्दाम बदलला आहे. आधी फाइल, मग नर्स, मग पेशंट, मग नळ्या. मॉनिटर सगळ्यात शेवटी. तुमच्या युनिटचे लेखी नियम यापेक्षा कडक असतील तर तेच पाळा.

फाइल: कालपासून काय बदललं?

फाइल पहिल्या पानापासून वाचत बसलात तर सकाळ जाईल. आधी रात्रीच्या नोंदी वाचा. काल संध्याकाळी वॉर्डभर फिरलेल्या पेशंटच्या हृदयाचा ठोका रात्री अनियमित झालेला असू शकतो, ताप चढलेला असू शकतो, ऑक्सिजन २ लिटरवरून ६ वर गेलेला असू शकतो. मग निदान, कोणतं ऑपरेशन, कितवा दिवस, आणि डॉक्टरांनी हालचालीबद्दल काय लिहिलं आहे: पूर्ण बेड रेस्ट, पायावर किती वजन, छातीच्या हाडाची काळजी.

रक्ताच्या तपासण्यांत एकटा आकडा फसवतो. हिमोग्लोबिनचंच घ्या. मूत्रपिंडाचा जुना आजार असलेला माणूस ८ वर आरामात चालतो, कारण शरीराने महिनोन् महिने त्याची सवय करून घेतलेली असते. पण ज्याचं काल १३ होतं आणि आज ८.५ आहे, तो खुर्चीत बसवतानाच तुमच्या अंगावर कोसळू शकतो. ७ च्या आसपास आलं की रक्त चढवण्याचा विचार सुरू होतो, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. ट्रोपोनिनचंही (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) तसंच: वर चढत असेल तर थांबायचं, शिखर गाठून उतरायला लागलं असेल आणि छातीत दुखत नसेल तर डॉक्टरांशी बोलून हळूहळू सुरुवात करायची. पोटॅशियम ३.५ ते ५.० च्या बाहेर असेल तर ठोक्याची लय बिघडण्याची शक्यता मनात ठेवा. प्लेटलेट २०,००० च्या खाली असतील तर जोर लावायचे व्यायाम नकोत, आणि पडणं तर अजिबात परवडणारं नाही. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती उशीर लागतो त्याचा आकडा, वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असलेल्यांत साधारणपणे २ ते ३ मध्ये ठेवतात, तो बराच वर असेल तरीही हीच काळजी. पायातल्या शिरेत गुठळी असेल तर रक्त पातळ करणारं औषध कधी सुरू झालं हे विचारून घ्या, मगच पाय हलवायला घ्या.

धमनीतल्या रक्ताची तपासणी, म्हणजे एबीजी, केलेली असेल तर तीन आकडे बघा: पीएच ७.३५ ते ७.४५, कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५ आणि ऑक्सिजन ८० ते १०० मिमी पारा. शेजारी तेव्हा ऑक्सिजन किती चालू होता तेही लिहिलेलं असतं. त्याशिवाय तिसऱ्या आकड्याला काही अर्थ नाही.

औषधांच्या तक्त्यात मी तीनच गोष्टी शोधते. बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोका हळू ठेवणारं औषध, चालू आहे का? असेल तर कष्टाबरोबर नाडी पुरेशी वाढणार नाही, आणि नाडी बघून 'अजून चालवू या' म्हणणं चुकेल. बीपी वर ठेवणारं औषध, उदाहरणार्थ नॉरॲड्रेनालिन, चालू आहे का, आणि गेल्या काही तासांत डोस वाढतोय की कमी होतोय? डोस वाढतोय म्हणजे पेशंट अजून घसरतोय. आणि दुखण्याचं औषध केव्हा दिलं? छाती किंवा पोट उघडलेल्या पेशंटला गोळी दिल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने गेलात तर खोकलाही नीट निघतो आणि तुम्ही खलनायकही ठरत नाही.

नर्सबरोबरची दोन मिनिटं

"सिस्टर, रात्र कशी गेली? आत्ता बसवलं तर चालेल का? कुठली लाइन त्रास देतेय?" एवढं विचारा. शेवटचा प्रश्न विसरू नका. 'उजव्या हाताची आर्ट लाइन मनगट वाकवलं की बंद पडते' हे फाइलमध्ये नसतं, नर्सच्या डोक्यात असतं. डायलिसिस कधी आहे, स्कॅनला न्यायचंय का, फीड, म्हणजे नळीतून दिलं जाणारं अन्न, केव्हा चालू होतं, हेही तिथेच कळतं. आणि तिला सांगून ठेवा की तुम्ही अमुक वेळी पेशंटला बसवणार आहात, कारण त्या वेळी तिचा हात तुम्हाला लागणार आहे.

दारातून पाहा, मग मोजा

पेशंटजवळ जाण्याआधी अर्धा मिनिट दारात थांबा. तो कसा बसलाय? पुढे झुकून, हात गुडघ्यांवर टेकून बसलेला माणूस श्वासासाठी झगडत असतो. मानेचे स्नायू प्रत्येक श्वासाला ताठ होतायत का? ओठ कसे आहेत? तुम्ही नाव विचारल्यावर तो अख्खं वाक्य बोलतो की दोन शब्दांनंतर थांबतो? घोट्यांना सूज, पलंगाचं डोकं ४५ अंशांवर असताना मानेची फुगलेली शीर, घामाने ओलं कपाळ. यातलं काहीच मॉनिटरवर दिसत नाही.

श्वास मोजताना 'आता श्वास मोजते' असं सांगू नका, सांगितलं की तो बदलतो. नाडी बघतोय असं भासवत मनगट धरून ठेवा आणि पूर्ण मिनिटभर छातीकडे बघा. प्रौढांत १२ ते २० ठीक. मॉनिटरवरचा श्वासाचा आकडा ईसीजीच्या पट्ट्यांमधून छातीचं फुगणं-आकसणं ओळखून येतो. पेशंटने हात हलवला, खोकला काढला तरी तो गोंधळतो. म्हणून श्वास हाताने मोजायचा, यात तडजोड नाही. श्वासाची गती ही बिघाडाची फार लवकर मिळणारी खूण आहे, आणि नोंदवहीत रांगेने २०, २०, २० असं न मोजता लिहिलेलंही हेच सदर असतं.

नाडी अनियमित वाटली तर १५ सेकंद मोजून चारने गुणू नका, पूर्ण ६० सेकंद मोजा. ॲट्रियल फिब्रिलेशनमध्ये (हृदयाचे वरचे कप्पे बेताल थरथरतात तेव्हा) मॉनिटर ११० दाखवतो आणि मनगटावर ९० च ठोके पोचतात, कारण काही ठोके इतके दुबळे असतात की लाट मनगटापर्यंत येतच नाही.

बीपीचा पट्टा कुठल्या हाताला बांधायचा हा प्रश्न आधी. डायलिसिसची फिस्टुला (धमनी आणि शीर जोडून केलेली जागा) असलेल्या हाताला कधीच नाही. पिक लाइनच्या, म्हणजे दंडातून मोठ्या शिरेपर्यंत नेलेल्या नळीच्या, हाताला नाही. स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील त्या बाजूला शक्यतो नाही. ज्या हातातून ड्रिप चालू आहे तिथेही टाळा. दंडाच्या मानाने पट्टा छोटा असेल तर बीपी खोटं जास्त येतं. सरासरी दाब काढायला खालचा आकडा दोनदा आणि वरचा एकदा मिळवा, तीनने भागा: ११०/६५ असेल तर ८०. आयसीयूत बहुतेकांसाठी हा सरासरी दाब किमान ६५ ठेवायचा प्रयत्न असतो.

आता बोटावरचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी. हे तंत्र जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली शोधलं, आणि आज आपण त्यावर इतके विसंबतो की बोट थंड आहे हेही बघत नाही. आकडा वाचण्याआधी खालची लाट बघा. ती ठसठशीत आणि नाडीच्या तालात असेल तरच आकडा खरा धरा. थंड बोटं, नेलपॉलिश, थरथर यांनी तो बिघडतो, आणि गडद त्वचेत तो खऱ्यापेक्षा थोडा जास्त दाखवू शकतो. तो उशिराही येतो: फुप्फुसात घसरण झाली की बोटापर्यंत कळायला अर्धा मिनिट लागू शकतो. त्यामुळे पेशंटला चालवून खुर्चीत बसवल्यावर लगेच प्रोब काढू नका. सर्वात खालचा आकडा बरेचदा बसल्यावरच दिसतो. शिवाय सॅच्युरेशन कार्बन डायऑक्साइडबद्दल काहीच सांगत नाही. ऑक्सिजनवर ९८ दाखवणारा आणि पेंगणारा जुन्या दम्याचा किंवा सीओपीडीचा (फुप्फुसातल्या नळ्या कायमच्या अरुंद झालेला) पेशंट दिसला तर खूश होऊ नका, डॉक्टरांना बोलवा. ज्यांच्यात कार्बन डायऑक्साइड साचायचा धोका आहे त्यांचं लक्ष्य बहुधा ८८ ते ९२ टक्के असतं. त्यांना 'कमी आहे' म्हणून मनाने ऑक्सिजन वाढवून देण्याची चूक नवे लोक हमखास करतात.

छाती ऐकणं

१८१६ मध्ये फ्रान्सच्या रने लेनेक यांनी कागदाची सुरळी करून छाती ऐकली तेव्हापासून या कामाची मूळ पद्धत फारशी बदललेली नाही, घाई मात्र वाढली आहे. गाऊनवरून ऐकू नका. पेशंटला तोंडाने जरा खोल श्वास घ्यायला सांगा आणि एका बाजूची जागा ऐकली की लगेच दुसऱ्या बाजूची तीच जागा ऐका. पाठीचा खालचा भाग सोडू नका. पाठीवर पडून राहिलेल्या पेशंटची फुप्फुसं तिथेच मिटतात.

आमच्या दृष्टीने कामाचा प्रश्न असा: हा आवाज खोकल्यानंतर बदलतो का? जाडसर खळखळ खोकल्यावर सरकली किंवा गेली तर तो कफ आहे, तुमचं काम आहे. दोन्ही तळांना बारीक चरचर आहे, खोकल्यावरही तशीच आहे, आणि पायाला सूज आहे, तर तो बहुधा हृदयामुळे साचलेला द्रव आहे. तिथे पाठीवर थापट्या मारून काही होणार नाही, उलट पेशंटला सपाट झोपवलंत तर तो गुदमरेल. एका बाजूला आवाजच येत नाही आणि बोटाने ठोकल्यावर ठस्स वाजतं, तर पाणी भरलंय किंवा तो भाग मिटलाय, एक्सरे बघा. शिटीसारखा आवाज म्हणजे नळ्या आवळल्यात. पण दम्याच्या पेशंटमध्ये शिटी अचानक थांबली आणि पेशंट थकलेला दिसतोय, तर ती सुधारणा समजू नका. हवाच आत जात नाहीये. पळत जाऊन डॉक्टर आणा.

शेवटी पेशंटला खोकायला सांगा. खोकला जोरदार की नुसता घसा खाकरल्यासारखा? कफ पांढरा, पिवळा, चिकट? गुलाबी फेसाळ कफ दिसला तर सत्र तिथेच संपलं.

नळ्या: बोटाने माग काढा

आता नळ्यांकडे. नुसतं बघून मोजू नका. पेशंटच्या शरीरापासून सुरुवात करा, नळीवर बोट ठेवा आणि ती यंत्रात, पिशवीत किंवा बाटलीत जाऊन संपेपर्यंत तिच्यामागे जा. मग पुढची. मोठ्याने मोजा: मानेतून एक, उजव्या मनगटातून एक, छातीतून दोन, लघवीची एक, नाकातली एक, ऑक्सिजन. सात. उठवून परत झोपवल्यावर पुन्हा सात भरल्या पाहिजेत. चादरीखाली लपलेली नळीच घात करते.

माग काढताना तीन गोष्टी ठरतात. बहुतेक नळ्या कुठल्या बाजूला आहेत, म्हणजे पलंगाच्या कुठल्या बाजूने उतरवायचं. सर्वात आखूड कोणती, कारण तिच्या लांबीएवढंच तुम्हाला हलता येणार. आणि भिंतीला बांधलेली कोणती, म्हणजे भिंतीचा ऑक्सिजन आणि सक्शन. स्टँड आणि पिशव्या पेशंटला हलवण्याआधी नव्या जागी नेऊन ठेवा. पेशंट अर्धवट उठलेला असताना 'जरा थांबा हं, बाटली अडकली' असं म्हणायची वेळ आली तर तयारी चुकली.

आर्टेरियल लाइन. बहुधा मनगटात, ठोक्यागणिक बीपी दाखवणारी. नळी एका ट्रान्सड्यूसरला, म्हणजे दाब मोजणाऱ्या छोट्या यंत्राला, जोडलेली असते, आणि त्याच्या पिशवीला ३०० मिमी पाऱ्याचा दाब दिलेला असतो. ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीवर, म्हणजे चौथ्या फासळीखालच्या जागेत काखेच्या मध्यरेषेवर हवा. तो हृदयाच्या खाली राहिला तर बीपी खोटं जास्त, वर राहिला तर खोटं कमी. दर १० सेंटिमीटरला साधारण ७.५ मिमी पारा.

हाच तो किस्सा. पोटाच्या ऑपरेशननंतरच्या एका बाईंना मी पहिल्यांदा पलंगाच्या कडेला बसवत होते. ट्रान्सड्यूसर पलंगाच्या कठड्याला लावलेला, तो तिथेच राहिला. बाई बसल्या, त्यांचं हृदय हातभर वर आलं. मॉनिटरवर वरचं बीपी १०८. मी खूश, उभं करायच्या तयारीत. त्यांनी एक जांभई दिली, मग दुसरी, ओठ पांढरे. शेजारच्या नर्सने न बोलता दुसऱ्या दंडाला पट्टा बांधला: ८६. त्यांना आडवं केलं, पाय उचलले, पाच मिनिटांत सावरल्या. तेव्हापासून पेशंटची पातळी बदलली की ट्रान्सड्यूसरची पातळी बदलून, शून्य करून घेतल्याशिवाय मी आकडा वाचत नाही. ते काम नर्सचं आहे, पण आठवण करून देणं माझं. जांभई हीसुद्धा नोंदवायची खूण आहे हेही त्याच दिवशी कळलं.

या हातावर टेकून उठू द्यायचं नाही, मनगट वाकवायचं नाही.

सेंट्रल लाइन. मानेतून, गळपट्टीच्या हाडाखालून किंवा जांघेतून मोठ्या शिरेत गेलेली. मानेतली किंवा गळपट्टीखालची नवी टाकली असेल तर नळी बरोबर जागी आहे आणि फुप्फुसाला भोक पडलेलं नाही, हे एक्सरेने पक्कं होईपर्यंत थांबा. मोठी भीती हवा आत शिरण्याची: पेशंट बसलेला असताना जोड सुटला तर शिरेतला दाब हवेपेक्षा कमी होतो आणि हवा ओढली जाते. म्हणून उठवण्याआधी सगळे जोड आणि टोपणं बोटाने चाचपा. पिक लाइन दंडातून जाते. त्या हाताने वजन ओढणं, कुबडीवर भार देणं टाळा. खांदा हलवायला हरकत नसते. जांघेतली शिरेची लाइन दिसली की 'बेड रेस्ट' असं पूर्वी सरसकट समजलं जायचं. आता तसं नाही, पण विचारून घ्या. जांघेतून टाकलेला इंट्रा-एऑर्टिक बलून पंप (महाधमनीत फुगून हृदयाला मदत करणारा फुगा) असेल तर मात्र गोष्ट वेगळी: मांडी ३० अंशांपेक्षा जास्त वाकवायची नाही, बसवायचं नाही.

छातीतली नळी. नवे लोक हिला सर्वात जास्त घाबरतात, आणि खरं तर हिच्याबरोबर चालणं पेशंटच्या भल्याचं असतं. नियम थोडे: बाटली कायम छातीच्या खाली, उभी, आणि नळीला पीळ किंवा खाली लोंबणारा झोळ नको. आता बाटलीत बघा. श्वासाबरोबर पाणी वर-खाली होतंय म्हणजे नळी मोकळी आहे. ते थांबलं तर नळी कुठे दबलीय, गुठळीने बंद झालीय किंवा फुप्फुस पूर्ण फुललंय. पाण्याच्या सीलमध्ये बुडबुडे म्हणजे हवा गळतेय. काल नव्हते आणि आज आहेत तर आधी जोड तपासा, मग सांगा. चालवताना चिमटा लावायचा नाही. हवा गळणाऱ्या पेशंटची नळी चिमट्याने बंद केलीत तर ती हवा छातीत कोंडेल आणि हृदयाला दाबेल. सक्शन चालू असेल तर ते चालण्यापुरतं काढायचं की नाही हे डॉक्टर ठरवतात. बसवल्यावर एकदम थोडं गडद रक्त आलं तर ते साचलेलं असू शकतं, पण ताजं लाल आणि थांबत नसेल तर परत झोपवा आणि बोलवा.

लघवीची नळी. पिशवी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीवर नाही. चालवण्याआधी रिकामी करून घ्या आणि कठड्यावरून काढून चालताना आपल्या नजरेच्या बाजूला घ्या. सर्वात जास्त विसरली जाते ती हीच, आणि ओढली गेली तर पेशंट ते जन्मभर विसरत नाही.

नाकातली नळी. पोटापर्यंत गेलेली, फीडसाठीची. नाकपुडीपाशी किती सेंटिमीटरची खूण आहे ते आधी आणि नंतर बघा. पलंग सपाट करायचा असेल तर नर्सकडून फीड आधी थांबवून घ्या.

एपिड्युरल. दुखणं थांबवणारं औषध सोडणारी पाठीतली बारीक नळी. उभं करण्याआधी दोन्ही पायांची ताकद आणि संवेदना तपासा. पाय बधिर असेल तर आज बसणंच पुरे. बीपीही या औषधाने पडतं.

डोक्यातला ड्रेन. कवटीतून आलेली नळी दिसली की आधी हात मागे. तिची पातळी बहुधा कानाच्या भोकाशी जुळवलेली असते. पलंगाचं डोकं एवढंसं वर केलं तरी जास्त द्रव निघून जाऊ शकतो. प्रत्येक हालचालीआधी नर्स ती बंद करणार, नंतर पातळी लावून उघडणार. पलंगाच्या बटणालासुद्धा तिला विचारल्याशिवाय हात लावू नका.

ऑक्सिजन आणि व्हेंटिलेटर

नाकातल्या साध्या नळीने १ ते ६ लिटर देतात. साध्या मास्कला किमान ५ लिटर लागतं, नाहीतर पेशंट आपलाच सोडलेला श्वास परत घेतो. पिशवीच्या मास्कला १० ते १५, आणि पिशवी फुगलेली राहिली पाहिजे.

चालवायला नेताना भिंतीवरून सिलिंडरवर जायचं असतं. सिलिंडर उघडा, काटा बघा, प्रवाह लावा, नळीच्या टोकाशी हवा येतेय हे गालाला लावून तपासा, मगच भिंतीचा काढा. हिशोब सोपा आहे: सिलिंडरमध्ये ६०० लिटर उरले असतील आणि ४ लिटर लावलं तर १५० मिनिटं. मी निम्मीच धरते. चालताना पेशंटला जास्त ऑक्सिजन लागू शकतो, आणि तो कितीपर्यंत वाढवायचा हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घेतलेलं बरं.

घशातली नळी किंवा ट्रेकिऑस्टोमी (गळ्याला भोक पाडून श्वासनळीत घातलेली नळी) असताना बसवायचं का? २०१४ मध्ये आयसीयूतल्या तज्ज्ञांच्या एका गटाने हिरव्या, पिवळ्या, लाल खुणांची यादी प्रसिद्ध केली. घशातली नळी हे पलंगात ठेवून देण्याचं कारण त्यात धरलेलं नाही. ऑक्सिजनचं प्रमाण ६० टक्क्यांपर्यंत, पीप (श्वास सोडल्यावरही व्हेंटिलेटर फुप्फुसात राखतो तो दाब) १० पर्यंत, सॅच्युरेशन ९० किंवा वर आणि श्वास मिनिटाला ३० पर्यंत असेल तर श्वसनाच्या बाजूने रस्ता मोकळा. त्यापलीकडे गेलात तर टीमशी बोलणं आलं. दातांपाशी नळीची खूण किती आहे ते वाचा, व्हेंटिलेटरच्या नळ्यांत साचलेलं पाणी आधी काढून घ्या (नाहीतर वळवताना ते पेशंटच्या घशात जातं), सक्शन लागणार असेल तर उठवण्याआधी करून घ्या. आणि एक माणूस फक्त त्या नळीसाठी. तो पेशंटला धरणार नाही, उशी देणार नाही, फोन उचलणार नाही.

आता उठवा

आडवं असतानाची नाडी, बीपी, श्वास, सॅच्युरेशन लिहा. पायाला हवेच्या दाबाचे पट्टे असतील तर काढा; त्यांत अडकून पडलेले पेशंट मी पाहिले आहेत. घोटे वर-खाली दहा-वीस वेळा. मग कुशीवर, मग कडेला. तिथे दोन-तीन मिनिटं बसू द्या, बोलत राहा आणि पुन्हा मोजा. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचं बीपी २० किंवा खालचं १० ने पडलं तर त्याला उभं राहिल्याने दाब पडणं म्हणतात. चक्कर नसेल आणि आकडे सावरत असतील तर थांबून पुढे जाता येतं. चक्कर असेल तर बसवा.

किती कष्ट द्यायचे? हृदयविकाराच्या झटक्यानंतर नाडी बसलेल्या स्थितीपेक्षा साधारण २० ने, हृदयाच्या ऑपरेशननंतर ३० ने वाढेपर्यंत आणि १२० च्या आत, हा जुना वापरातला हिशोब. बीटा ब्लॉकरवर तो कोसळतो, म्हणून स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची ६ ते २० ची मोजपट्टी, जिच्यावर किती कष्ट वाटतात ते पेशंटच सांगतो, छापून खिशात ठेवा. सुरुवातीला ११ ते १३ पुरे. मोजपट्टी नसेल तर बोलायला लावा. अख्खं वाक्य बोलता येत असेल तर ठीक आहे.

थांबायचं केव्हा? छातीत दुखलं, नवा अनियमित ठोका दिसला, कष्ट वाढत असताना वरचं बीपी १० किंवा जास्त पडलं, सॅच्युरेशन ठरवलेल्या लक्ष्याखाली गेलं आणि थांबूनही येत नाही, रंग उडाला, उत्तरं तुटक झाली. यातलं एक पुरेसं आहे. दुसऱ्याची वाट बघू नका.

नळी निघालीच तर

पेशंटला सोडून मदत आणायला जायचं नाही. तिथूनच ओरडायचं, बटण दाबायचं.

धमनीतली लाइन निघाली: जागेवर जोरात दाबा, हात उचला आणि किमान पाच मिनिटं सोडून बघू नका. सेंट्रल लाइन निघाली किंवा जोड सुटला: आधी ती जागा किंवा नळीचं उघडं टोक दाबून बंद करा, पेशंटला सपाट, शक्य असेल तर डाव्या कुशीवर, डोकं खाली. छातीची नळी शरीरातून निघाली: हातमोजा घातलेल्या हाताने जागा झाका, मदत मागवा आणि श्वासावर नजर ठेवा, श्वास वेगाने बिघडला तर आत हवा कोंडतेय हे ओरडून सांगा. नळी बाटलीपासून सुटली: टोक निर्जंतुक पाण्यात दोन सेंटिमीटर बुडवा. ट्रेकिऑस्टोमी निघाली तर पलंगाशेजारी ठेवलेली जादा नळी कुठे आहे हे तुम्हाला आधीच माहीत असलं पाहिजे. ती घालण्याचं काम मात्र प्रशिक्षित माणसाचं.

परत जागेवर

नळ्या पुन्हा मोजा. ट्रान्सड्यूसर पातळीवर, अलार्म चालू, घंटी हाताशी, पायाचे पट्टे परत, फीड सुरू करायला नर्सला निरोप. ऑक्सिजन भिंतीवर परत जोडलाय का, हे दारातून निघताना पुन्हा एकदा बघा. खुर्चीत बसलेला पेशंट रिकाम्या होत चाललेल्या सिलिंडरवर विसरला जाणं, हे तुम्हाला वाटतं त्यापेक्षा सोपं आहे.

नोंद अशी लिहा: 'आडवे: नाडी ८८, बीपी ११८/७०, श्वास १८, सॅच्युरेशन ९६, नाकातून २ लिटर. कडेला बसून ३ मिनिटं: ९६, ११०/६८, २२, ९५. ऑक्सिजन २ लिटरवर २० मीटर चालवले, एकदा थांबून, कष्ट १३, सर्वात कमी सॅच्युरेशन ९१, बसल्यावर २ मिनिटांत ९५. छातीची नळी: पाणी हलते, बुडबुडे नाहीत. सर्व नळ्या जागेवर, नर्सला कळवले.' आणि उठवलं नसेल तर 'पेशंट तयार नव्हता' एवढ्यावर भागवू नका. सरासरी दाब ५८ होता, नॉरॲड्रेनालिनचा डोस पहाटेपासून वाढत होता, संध्याकाळी पुन्हा बघणार, असं लिहा. संध्याकाळी येणारा तुमचा सहकारी तिथूनच सुरुवात करेल.